दोर राणीच्या हातात

धनाजीला नदीत उतरवायचं तर आधी राणीला विचारावं लागे. त्याला विचारून उपयोग नसे. तो "बघू की, गुरुजी," म्हणायचा आणि तंबाखू मळत बसायचा. राणी काठावर यायची, उकिडवी बसायची आणि समोर बघत राहायची. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. मग उठून पदर खोचून ती दोराची वेटोळी सोडायला लागली की समजायचं, आज काम होणार. नुसतीच उठून घराकडं चालू लागली, तर मोटर बंद. गावातले भलेभले बागायतदार तिच्या त्या उठण्याकडं डोळे लावून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. शाळेत मास्तर असलो तरी दीड एकर ऊस माझाही आहे, त्यामुळं त्या उभ्या राहिलेल्यांत मीही असायचो.

धनाजीचा धंदा सांगितला तर परगावच्या माणसाला हसू येतं. तो फुटबॉल काढायचा. नदीकाठच्या मोटरीचा जो पाईप पाण्यात सोडलेला असतो, त्याच्या तळाच्या टोकाला एक झडप असते आणि झडपेभोवती जाळी. तिचं खरं नाव फुटव्हॉल्व्ह. शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचा फुटबॉल झाला. त्यात काही अडकलं की पाईपात पाणी ठरत नाही, मोटर हवा धरते आणि वरचा सगळा ऊस कोरडा पडतो. मग कुणीतरी पंधरा-वीस फूट खाली जाऊन, श्वास कोंडून, हातानं चाचपत ते अडकलेलं काढायचं. कराडपासून सांगलीपर्यंत नदीच्या दोन्ही अंगांना मोटरीच मोटरी, आणि हे काम करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. वीस वर्षं धनाजीचं घर यावर चाललं.

तो मूळचा नदीकाठचा नव्हताच. आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दिवाळी झाली की त्याचे वडील कळप घेऊन आमच्याकडं उतरायचे आणि खतासाठी आमच्या रानात मेंढरं बसवायचे. मी त्याला एकदा विचारलं होतं, "तुमच्याकडं प्यायला पाणी न्हाई, मग तू पोहायला शिकलास कुठं?"

"पाणी न्हाई म्हणूनच शिकलो की. आमच्या हिरी लय खोल. बादली तुटून पडली की उतरायचं कुणी? ज्याला भ्या न्हाई त्यानं."

असंच एका वर्षी रानात मेंढरं बसवलेली असताना कुणाची तरी मोटर अडली, ह्यानं बुडी मारून झडप मोकळी केली आणि बोलबाला झाला. लग्न झाल्यावर राणीही आली. मेंढरं एकेक करून कमी झाली आणि ही दोघं गावाबाहेर, नदीकडं जाणाऱ्या वाटेला दोन खोल्या बांधून कायमची राहिली.

काम दोघांचं. नायलॉनचा दोर धनाजीच्या कमरेला, दुसरं टोक राणीच्या हातात. खालून एक हिसडा आला तर ठीक आहे, दोन आले तर ओढ. तो खाली गेला की राणी मनात मोजायची. शाळेत ती गेली नव्हती, मेंढरं विसाविसानं मोजायची तिला सवय. पाच विसा झाल्या की धनाजी वर येणार, असा हिशोब होता. सहा विसा फार झाल्या. खालचं काही तो कधी रंगवून सांगत नसे. "डोळं उघडं ठिवून काय उपेग न्हाई, गुरुजी. आधी हिरवं, मग काळं. हातानंच बघायचं." हाताला काय काय लागायचं ते मात्र सांगायचा. साड्या, निर्माल्याच्या पिशव्या, फुटक्या तसबिरी, एकदा मेलेलं रेडकू.

मोठे पूर येऊन गेले त्या वर्षांनंतर आमच्या टप्प्यात मगरी वरचेवर दिसायला लागल्या. आधी कुणी तरी सांगायचं आणि लोक हसायचे. मग सगळ्यांनीच त्या पलीकडच्या वाळवटावर उन्हाला पडलेल्या पाहिल्या. काठाची दोन कुत्री गेली, एक शेळी गेली. वनखात्यानं पाटी लावली. खालच्या गावातल्या एकानं बुडी मारण्याचा धंदा सोडून प्रवासी नेणारी वडापची गाडी घेतली, दुसरा पुण्याला गेला. धनाजी राहिला, आणि तो राहिला तो राणीच्या भरवशावर.

ती काठावर बसून काय बघते हे मला तेव्हा कळलं. आमच्या टप्प्यात तीन मगरी होत्या. एक शेपूट तुटलेली, एक लहान आणि एक थोरली. तिन्ही वाळवटावर दिसल्या तरच ती दोर सोडायची. एक जरी कमी असली तरी उठून घरी.

"तिसरी कुठंबी आसंल की, राणीबाई," कुणी तरी एकदा म्हणालं.

"आसंल की. मग तिला हुडकून या जावा, मी हितं बसते," ती म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाणीपुरवठा संस्थेची मोटर अडली. ही गावातली सगळ्यात मोठी मोटर, तीनशे एकर ऊस तिच्यावर. पाईप आठ इंची लोखंडी. पुरानं आणलेल्या गाळात तो अर्धा गाडलेला, आणि काठाची वाट खचलेली, त्यामुळं क्रेन लावून उपसून काढायची सोय नव्हती. खाली उतरणं हाच मार्ग. संस्थेचे चेअरमन लालासाहेब. सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, सत्तरीला टेकले तरी काठी न टेकता चालणारे. ते स्वतः धनाजीच्या दारात गेले.

राणी काठावर आली आणि बसली. वाळवटावर दोनच मगरी होत्या. थोरली नव्हती. राणी उठली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दोनच. तिसऱ्या दिवशीही दोनच. तिनं लालासाहेबांना सांगितलं, "आवं, ती म्हैना झाला दिसली न्हाई. आन ह्या काठाला कुत्रं येत न्हाई बगा. बगळंबी बसत न्हाईत."

ते खरं होतं. मोटरघराच्या खाली एरवी बगळ्यांची रांग असायची. त्या दिवसांत तिथं एकही पक्षी नव्हता. पाणी गुळगुळीत, तेल ओतल्यासारखं. मला ते दिसलं होतं, पण माझ्या उसाची पानं सुरळी व्हायला लागली होती आणि माणसाला जे बघायचं नसतं ते तो बघत नाही.

चौथ्या दिवशी संस्थेची बैठक झाली. सगळे एकदमच बोलत होते. लालासाहेब म्हणाले, "बाईमाणसाच्या भीतीवर तीनशे एकर जाळायचं का?" मी म्हणालो, "काही तरी करा, पण लवकर करा." एवढंच म्हणालो. धनाजी दाराशी बसला होता. त्यानं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी उतरतो."

सकाळी राणी आली. वाळवटाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मी तिला म्हणालो, "तुला पटत नसेल तर..."

"मी दोर धरला न्हाई तर दुसरं कोन तरी धरंल, गुरुजी," ती म्हणाली. "त्यापरास मी बरी."

काठावर आम्ही पाचसहा जण होतो. लालासाहेब, मी, मोटर चालू-बंद करणारा संस्थेचा माणूस भाऊसो, आणि दोघं-तिघं सभासद. धनाजीनं पाण्याला हात लावून कपाळाला लावला आणि तो उतरला. पहिल्या बुडीला पाच विसा झाल्या आणि तो वर आला. हातात चिंध्यांचा आणि प्लास्टिकचा बोळा होता. "निम्मं निघालंय," म्हणाला. दम घेतला, परत गेला.

दोर थोडा सरकला, मग थांबला. राणीचे ओठ हलत होते. मी तिच्या मागेच उभा होतो, मला तिचं मोजणं ऐकू येत होतं. चार विसा. पाच विसा. पाण्यावर बुडबुडा नव्हता. सहा विसा. तिचं मोजणं थांबलं नाही, पण आवाज बारीक झाला.

"ओढ," लालासाहेब म्हणाले. "ओढ, बाई!"

ती हलली नाही. लालासाहेबांनी पुढं होऊन दोराला हात घातला. राणीनं दोर मांडीखाली दाबला, त्यांचं मनगट धरलं आणि बाजूला केलं. सुभेदाराचं मनगट. तिचा आवाज चढलेला नव्हता. "हात लावू नगा. दोर ढिला न्हाई. त्यानं धरून ठिवलाय. तो गप ऱ्हायलाय, मीबी गप ऱ्हानार."

सात विसा झाल्या असतील. मग दोराला दोन हिसडे आले, अगदी हलके, बोटानं छेडल्यासारखे. राणीनं तो सावकाश घेतला, झटका न देता, विहिरीतून भरलेली घागर घेतात तसा. धनाजीचं डोकं वर आलं. तोंड निळं पडलं होतं. काठाला लागल्यावर तो हातापायांवर रांगत वर आला आणि पाण्यापासून लांब, बाभळीच्या बुंध्याला जाऊन पाठ टेकून बसला. राणी त्याच्या पायाला, हातांना, पाठीला हात लावून बघत होती, सगळं जागेवर आहे का.

लालासाहेबांनी विचारलं, "फुटबॉल मोकळा झाला का?"

राणीनं मान वर करून त्यांच्याकडं जे बघितलं, ते मी विसरणार नाही.

धनाजीनं नंतर मला सांगितलं ते असं. जाळीतली शेवटची चिंधी धरायला त्यानं हात लांब केला, तर हाताला पाईप लागला नाही. खरबरीत काही तरी लागलं, उंचवट्याउंचवट्यांचं. आधी त्याला वाटलं, दगड. मग तो दगड श्वास घेतल्यासारखा जरासा फुगला. थोरली पाईपाला लागून पडली होती आणि त्याचा तळहात तिच्या पाठीवर होता. हात काढावा तर हालचाल होणार, ठेवावा तर दम संपत चाललेला. एका हातानं त्यानं दोर ताणून पोटाशी घट्ट धरला, म्हणजे आपण शुद्धीत आहोत हे वर कळेल. "मला वाटलं, राणी वडनार. वडलं असतं तर मी हातपाय झाडलं असतं, आन सपलं असतं." शेवटी तीच सरकली. घाई न करता, त्याच्या छातीला घासून काठाच्या बाजूला गेली. तिची शेपूट संपायलाच किती वेळ लागला, हे तो पुन्हापुन्हा सांगत होता.

"पर काठाकडं का गेली, गुरुजी?" तो म्हणाला. "खोल पान्याकडं जायची सोडून?"

त्या प्रश्नानं त्याला बसू दिलं नाही. दुसरा पूर्ण दिवस तो मोटरघराच्या वरच्या दरडीवर झाडाआड पडून राहिला. दुपारी उन्हाच्या वेळी थोरली वर आली. मोटरघरापासून वीस पावलांवर मऊ वाळूची एक उकरलेली जागा होती. तिथं येऊन तिनं हनुवटी त्या वाळूवर टेकली आणि तशीच पडून राहिली. धनाजीच्या ध्यानात आलं. ती शिकारीला बसली नव्हती. अंडी राखत होती.

तो धावत गावात आला. वनखात्याला फोन झाला. त्यांची माणसं आली, लांबूनच बघून गेली, लाल फिती बांधल्या, जवळ जाऊ नका म्हणाली. धनाजीनं लालासाहेबांच्या हातापाया पडून सांगितलं, "पंधरा-वीस दिस थांबा. पिल्लं निघाली की तीच त्यास्नी तोंडात घिऊन खाली जाईल. मग मी उतरतो. मी सोताहून उतरतो."

पंधरा दिवस! मे महिन्यात! लोक त्याच्यावर हसले नाहीत, पण उत्तरही कुणी दिलं नाही. गावात एक विचित्र शांतता पसरली. चावडीपाशी चार माणसं बोलत असायची आणि धनाजी किंवा राणी दिसली की बोलणं थांबायचं. राणीला ते कळत होतं. ती मला म्हणाली, "मानसं गप बसली की मला पान्यापरास जास्त भ्या वाटतंय."

आठवडा झाला असेल. एका दुपारी गावात लग्न होतं, सगळं गाव मांडवात. संध्याकाळी धनाजी दरडीवर गेला तर लाल फिती तुटून पडलेल्या, वाळू चारी बाजूंना उधळलेली आणि पांढरी टरफलं. पहारीचे घाव वाळूत स्पष्ट दिसत होते. त्यानं मला बोलावून नेलं. पंचवीस-तीस अंडी असावीत. काहींतली पिल्लं पूर्ण झालेली होती, वीतभर लांबीची, डोळे मिटलेली. थोरली कुठंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेब धनाजीच्या दारात आले. कुणी केलं हे आपल्याला माहीत नाही, वाईट झालं, वगैरे बोलले. मग म्हणाले, "पण आता ती तिथं न्हाई. आता काय अडचण?"

धनाजी म्हणाला, "सुभेदार, कालपतूर ती कुठं हाय ते ठाव हुतं. आता न्हाई."

"म्हणजे उतरणार न्हाईस?"

"न्हाई."

"डर गया?"

"व्हय," धनाजी म्हणाला. "तुमी भेत नसला तर उतरा. दोर राणी धरंल."

लालासाहेबांना ते लागलं. खरंच ते तडक नदीवर गेले, आम्ही मागोमाग. त्यांनी सदरा काढला, धोतर वर खोचलं, दोर कमरेला बांधून घेतला. राणीनं दुसरं टोक धरलं. ते गुडघ्यापर्यंत गेले, मांडीपर्यंत गेले. कमरेएवढ्या पाण्यात ते थांबले. पाणी तसंच गुळगुळीत होतं, काहीही दिसत नव्हतं, कसलाही आवाज नव्हता. ते तिथं किती वेळ उभे राहिले सांगता येणार नाही. मग एकेक पाऊल मागं घेत, पाण्याकडं पाठ न करता, बाहेर आले. सदरा तिथंच राहिला. तो आणायला परत कुणी गेलं नाही.

पुढं संस्थेनं पोकलेन आणून खचलेली वाट नव्यानं फोडली आणि क्रेननं पाईप उपसला. त्यात अठरा दिवस गेले. म्हणजे धनाजीनं मागितले होते जवळपास तेवढेच. वरच्या अंगाचा ऊस तोवर गेला, माझाही गेला.

पावसाळ्यानंतर भाऊसोनं मोटरीवर एकटं जायचं बंद केलं. रोज कुणाला तरी सोबतीला न्यायचा. एकदा मला घेऊन गेला. मोटर सुरू करून आम्ही दरडीवर आलो, तर तो एकदम खाली बसला आणि बोलायलाच लागला. मी काही विचारलं नव्हतं.

"गुरुजी, मीच फोडली. कुणी सांगितलं न्हाई मला. सगळी गप हुती, मला वाटलं सगळ्यांच्या मनात हेच हाय."

मीही त्याच्या शेजारी बसलो.

"वाळू उकरली तवा आवाज यायला लागला. अंड्यातनं. कोंबडीच्या पिलावानी, पर घोगरा. मला वाटलं आईला हाका मारत्यात. म्या लवकर लवकर घाव घातलं, आवाज बंद व्हावा म्हनून."

"आणि ती?"

"ती काठालाच हुती, पान्यात. नुसतं डोळं आन नाक वर. दहा पावलांवर. मला वाटलं येनार अंगावर, पहार उगारून उभा ऱ्हायलो. आली न्हाई. शेवटचं अंडं फुटूस्तवर बघत हुती. मग खाली गेली."

त्या महिन्यातच भाऊसोनं संस्थेचं काम सोडलं. मोटर आता घरबसल्या मोबाईलवरनं चालू होते. आमच्या टप्प्यात वाळवटावर दोन मगरी दिसतात. थोरली कुणाला दिसलेली नाही. बाया धुणं घेऊन नदीवर जात नाहीत, गणपती विहिरीत सोडले. यंदा ऊसतोडीच्या टोळीला नदीलगतच्या फडात पाण्याच्या पाटाकडेला एक रुंद, घसटलेला माग दिसला. त्यांनी कोयते खाली ठेवले आणि तो फड तसाच सोडला.

धनाजी आणि राणी दिवाळीच्या आधीच आटपाडीकडं परत गेली. तिकडं आता आपल्याच नदीचं पाणी उचलून नेलंय, कालवे झालेत, डाळिंबाच्या बागा झाल्यात. सामान टेम्पोत भरताना मी गेलो होतो. धनाजी दोर बांधत होता. मी राणीला म्हणालो, "त्या दिवशी बैठकीत मी बोलायला नको होतं."

तिनं भांड्यांचं पोतं टेम्पोवर टाकलं, हात झाडले. "तुमी एकटं कुठं हुता, गुरुजी," ती म्हणाली, आणि पुढं जाऊन ड्रायव्हरशेजारी बसली.